पावसाळ्यातली जट : देवगडकडच्या एका शित्झूचं प्रकरण

कोको ही शित्झू या लांब केसांच्या छोट्या कुत्र्यांच्या जातीची मादी. वय चार वर्षं, वजन ६ किलो, नसबंदी झालेली, पांढऱ्या अंगावर तपकिरी पट्टे. ती मुंबईत फ्लॅटमध्ये वाढली आणि तिथे दर महिन्याला पार्लरमध्ये तिचे केस कापून, धुऊन, वाळवून मिळायचे. घरातल्या बदलीमुळे एप्रिलमध्ये तिला देवगड तालुक्यातल्या किनाऱ्यालगतच्या गावी आजी-आजोबांकडे ठेवलं. चिऱ्याचं घर, पुढे खळं, मागे माडांची बाग, पाच मिनिटांवर समुद्र. गावात कोकोची कोकी झाली आणि ती रमलीही. गणपतीला मुंबईची मंडळी आली तेव्हा मात्र तिच्या अंगाला आंबूस वास येत होता, उजवा कान ती सारखी खाजवत होती आणि काखेला हात लावला की गुरगुरत होती. त्याआधी ती कधी कोणावर गुरगुरली नव्हती.

या घरात हेळसांड झालेली नव्हती, म्हणून तर हे प्रकरण नीट समजून घ्यायला हवं. आजी रोज संध्याकाळी तिला ब्रश करायच्या, दर रविवारी कोमट पाण्याने अंघोळ घालायच्या आणि नंतर पडवीत पोत्यावर बसवायच्या. एवढं करूनही चार महिन्यांत जट झाली. किनारपट्टीवर लांब केसांच्या कुत्र्यांचं बहुतेक वेळा असंच बिघडतं. अंघोळी भरपूर होतात, कंगवा वरवर फिरतो आणि केस वाळवण्याचं काम हवेवर सोपवलेलं असतं.

हाताला काय लागलं

वरून पाहिलं तर पाठीवरचे केस बरे दिसत होते, दहा-बारा सेंटिमीटर लांब आणि जरा राठ. खरी स्थिती कंगव्याने सांगितली. स्टीलच्या कंगव्याचं टोक कातडीपर्यंत नेऊन तो केसांच्या टोकाकडे ओढायचा, ही एकमेव भरवशाची तपासणी आहे. कोकोच्या पाठीवर कंगवा कातडीपासून बोटभर वरच अडकला. मांड्यांवर तर तो आत शिरलाच नाही. बोटांनी चाचपल्यावर कळलं की वरच्या मोकळ्या केसांखाली मांड्या, कंबर आणि छाती यांवर जटेचा अखंड थर होता. दोन्ही कानांमागे सुपारीएवढ्या गाठी, काखांत दोन-दोन, आणि पंजांच्या गाद्यांमध्ये केस, वाळू व लाल माती यांचे खड्यासारखे गोळे. ती चालताना पाय झटकत होती ते या गोळ्यांमुळे.

जट सगळीकडे सारखी होत नाही. घासणं आणि ओल एकत्र येतात तिथे ती आधी धरते : कानांमागे, काखेत, जांघेत, शेपटीखाली आणि पट्टा बसतो त्या जागी. कोकोच्या अंगावर छातीचा नायलॉनचा पट्टा दिवसरात्र असायचा. पावसात भिजलेला पट्टा अंगावरच वाळायचा, म्हणजे खरं तर वाळायचाच नाही. छातीवरची जट अगदी पट्ट्याच्या आकाराची होती.

रंगानेही फसायला होतं. पायांवरचा लालसरपणा जांभ्याच्या मातीचा होता, तो धुतल्यावर पाण्यात उतरला. डोळ्यांखालचे तांबूस ओघळ अश्रूंमधल्या पॉर्फिरिन या द्रव्याचे असतात, ते साबणाने जात नाहीत आणि घासायचेही नसतात. तिसरा तांबूसपणा बोटांच्या बेचक्यांत होता आणि लक्ष देण्यासारखा तोच होता. पॉर्फिरिन लाळेतही असतं. पांढऱ्या कुत्र्याची बोटं तांबूस झाली, तर ते पंजे सतत चाटतंय आणि तिथे खाज आहे असं समजावं.

पिसवांची तपासणीही लाल मातीच्या मुलखात जरा जपून करावी लागते. केसांतले काळे कण ओल्या पांढऱ्या कापसावर टेकवायचे. पिसवांची विष्ठा म्हणजे पचलेलं रक्त, त्यामुळे काळ्या कणाभोवती हळूहळू तांबूस कडं पसरतं. मातीचा कण मुळात लाल असतो आणि त्याला असं कडं सुटत नाही. कोकोच्या कंबरेवरच्या कणांना कडी सुटली.

उजव्या कानामागच्या गाठीखाली कातडी ओली, लाल आणि झोंबरी झाली होती, साधारण रुपयाच्या नाण्याएवढी. अशा दिवसांत माश्या ओल्या जखमेवर अंडी घालतात आणि अळ्या दिवसाभरात बाहेर पडू शकतात. त्यामुळे पावसाळ्यात जटेखालून घाण वास आला तर उद्यावर ढकलायचं नाही. कानामागे आणि शेपटीखाली केस बाजूला करून टॉर्चने पाहिलं, अळ्या नव्हत्या. दुसऱ्या दिवशी सकाळीच तिला पशुवैद्यांकडे नेलं.

रोज ब्रश करूनही जट का झाली

आजींचा ब्रश मऊ केसांचा होता. तो वरच्या दोन बोटं केसांवरून छान फिरतो आणि कातडीजवळच्या केसांना शिवतही नाही. शित्झूचे केस वाढतच राहतात. वरच्या लांब केसांखाली मऊ अस्तर असतं आणि अस्तरातले गळालेले केस जमिनीवर पडण्याऐवजी लांब केसांतच अडकून राहतात. ते रोजच्या रोज विंचरून काढले नाहीत तर जिवंत केसांभोवती गुंडाळले जातात. आधी गुंता होतो, गुंत्याची गाठ होते आणि गाठी एकमेकींना मिळाल्या की जट.

त्यात दर रविवारची अंघोळ. केसाच्या पृष्ठभागावर बारीक खवले असतात. पाण्याने केस फुगतो, खवले उघडतात आणि चोळल्यावर एका केसाचे खवले दुसऱ्यात अडकतात. वाळताना ती पकड आवळते. धनगर लोक घोंगडी ओली करून मळतात आणि लोकर घट्ट बसवतात, तीच क्रिया दर रविवारी कोकोच्या अंगावर होत होती. गाठ सोडवण्याआधी पाणी लावलं की ती गाठ पुढे कंगव्याने सुटण्याची आशा जवळजवळ संपते. लांब केसांच्या कुत्र्याबाबत एकच नियम पाळणं शक्य असेल तर हा पाळावा : कंगवा कातडीपर्यंत सरळ जात नसेल तर अंघोळ घालू नये.

तिसरं कारण हवा. सिंधुदुर्गात वर्षाला ३००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरमध्ये, आणि त्या महिन्यांत हवेतली आर्द्रता दिवस दिवस ८५-९० टक्क्यांच्या घरात राहते. दोरीवरचे कपडे दोन-दोन दिवस वाळत नाहीत, तिथे दहा सेंटिमीटर केसांखालचं अस्तर पडवीत बसून कसं वाळणार? वरचे केस कोरडे लागतात, कातडी मात्र दुसऱ्या दिवसापर्यंत दमट राहते आणि त्या दमट उबेत कातडीवरचे मुळातले जिवाणू व बुरशी माजतात.

भरीला समुद्र. संध्याकाळी पुळणीवर, म्हणजे किनाऱ्यावरच्या वाळूत, फिरवून आणलं की पाय तेवढे धुतले जायचे. समुद्राच्या पाण्यातले क्षार हवेतली ओल खेचून घेतात, त्यामुळे खारे झालेले केस दमट हवेत पूर्ण कोरडे होतच नाहीत. रेशनच्या मिठाची पिशवी पावसाळ्यात पाणी सोडते, हे कोकणात कोणाला सांगायला नको.

कापायचे की सोडवायचे

पशुवैद्यांनी जखमेभोवतालचे केस काढले, कातडीवर चिकटपट्टी दाबून नमुना घेतला आणि सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला. मॅलेसेझिया ही यीस्ट भरपूर होती. आंबूस वास तिचाच. जखमेवर लावायला औषध मिळालं आणि क्लोरहेक्सिडिन २ टक्के व मायकोनाझोल २ टक्के असलेला शॅम्पू आठवड्यातून दोनदा, तीन आठवडे वापरायला सांगितला. पिसवांसाठी वजनानुसार गोळी दिली. जट पूर्ण काढल्याशिवाय शॅम्पू कातडीला लागणार नाही, हेही त्यांनी स्पष्ट सांगितलं.

कणकवलीहून बोलावलेल्या, कुत्र्यांचे केस कापणाऱ्या ग्रूमर मुलीने केस कापायचं यंत्र बाहेर काढलं तेव्हा आजी कासावीस झाल्या.

"केस कापू नको गो बाये. थंडी वाजतली तिका."

"आजी, कानामागच्या एक-दोन गाठी असत्या तर मी बोटांनी सोडवल्या असत्या. मांडीवर हात ठेवून बघा, कातडी हलतेय का? जटेने ओढून धरलीय तिला. प्रत्येक पावलाला ओढ बसतेय."

आजींनी मांडीवर हात ठेवून पाहिलं आणि होकार दिला.

निर्णयाची कसोटी साधी आहे. गाठीखालून बोट जात असेल, गाठ सुपारीपेक्षा लहान असेल आणि अशा मोजक्याच गाठी असतील, तर सोडवाव्यात. एका बैठकीत दहा-पंधरा मिनिटं, त्याहून जास्त नाही. थर अखंड असेल, कातडीला चिकटला असेल किंवा खाली जखम असेल, तर यंत्राने काढावं. तासन् तास केस ओढून लांबी वाचवणं हा कुत्र्यावर अन्याय आहे. केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर परत वाढतात, पण त्या वेदनेने कुत्रं कंगव्याला घाबरू लागलं तर ती भीती वर्षानुवर्षं जात नाही.

जट काढताना

आधी अंघोळ नाही, पाण्याचा फवारासुद्धा नाही. कोको कोरडी असताना, सकाळी, पडवीतल्या टेबलावर रबराची चटई टाकून काम केलं. घसरणारं टेबल असेल तर कुत्रं पाय आखडून धरतं आणि मग काखेत ब्लेड नेणं धोक्याचं होतं.

ब्लेड १० नंबरचं, म्हणजे साधारण दीड मिलिमीटर केस ठेवणारं. लांब केस ठेवणारं ब्लेड जटेखाली शिरतच नाही आणि मोठ्या दातांच्या ब्लेडमध्ये सैल कातडी अडकून कापली जाते. १० नंबरचे दात जवळजवळ असतात, म्हणून जटेसाठी तेच वापरायचं. ब्लेड कातडीला समांतर टेकवून, केस वाढतात त्या दिशेने, दुसऱ्या हाताने कातडी ताणून धरत हळू सरकवायचं. जोर लावायचा नाही. ब्लेड अडलं तर मागे घेऊन दुसऱ्या कडेने शिरायचं.

ब्लेड तापतं, आणि जट काढताना फार लवकर तापतं. दर दोन-तीन मिनिटांनी ते मनगटाच्या आतल्या बाजूला लावून पाहायचं. आपल्याला चटका जाणवला तर कुत्र्याची कातडी भाजलीच समजा. दोन ब्लेड आलटून पालटून वापरली की काम अडत नाही, आणि प्रत्येक वेळी तेलाचे दोन थेंब.

कात्रीबद्दल इथेच सांगायला हवं, कारण घरोघरी होणारी इजा कात्रीनेच होते. गाठ चिमटीत धरून ओढली की खालची कातडी तंबूसारखी वर उचलली जाते आणि गाठीच्या बुडाशी कात्री लावली की केसांबरोबर कातडीही कापली जाते. पशुवैद्यांकडे टाके घालायला येणाऱ्या अशा जखमा काखेत, कानाच्या कडेला आणि पोटाच्या बाजूला सापडतात. कात्री वापरावीच लागली तर आधी कातडी आणि गाठ यांच्या मध्ये स्टीलचा कंगवा सारायचा आणि कंगव्याच्या वरच कापायचं. कंगवा मध्ये जात नसेल तर कात्री लावायची नाही.

काखेत पुढचा पाय हळूच पुढे घ्यायचा, बाजूला फाकवायचा नाही. लहान कुत्र्याच्या खांद्याचा सांधा तसा वळत नाही. काखेची पातळ घडी बोटाने सपाट करून मगच ब्लेड न्यायचं. पोटाकडे स्तनाग्रं बोटाखाली झाकून पुढे सरकायचं, जटेत ती दिसत नाहीत. कानाला फार जपावं लागतं. कानाची पाळी म्हणजे कातडीचे दोन पातळ पदर, आणि जटेमुळे पाळी कुठे संपते आणि केस कुठून सुरू होतात ते कळत नाही. आधी बोटांनी कड शोधायची, मग मधून बाहेर कडेकडे ब्लेड न्यायचं. कडेकडून आत कधीही नाही.

मांडीवरची जट एका तुकड्यात निघाली. उलटी करून पाहिली तर आतल्या बाजूला कोंडा, वाळू आणि एक मेलेली गोचीड होती.

पाठ, मांड्या आणि छाती पहिल्या दिवशी झाली. कान, काखा आणि पंजे दुसऱ्या दिवशी. शित्झूचं नाक चपटं असतं. श्वास घोरट झाला, जीभ बाहेर लोंबली किंवा हिरड्यांचा रंग गडद लाल दिसला की थांबून, पंख्याखाली गार होऊ द्यायचं. कुत्रं चावायला धावत असेल किंवा जखमा जास्त असतील तर भूल देऊन केस काढावे लागतात, पण तेही पशुवैद्यांच्या दवाखान्यात. चपट्या नाकाच्या कुत्र्यांना भुलेचा धोका अधिक असतो. माणसांची झोपेची किंवा दुखण्याची गोळी देणं तर कोणत्याही कुत्र्याच्या जिवावर बेतू शकतं.

कानांवरची जट गेल्यावर कोको जोरजोरात मान झटकू लागली. हे अपेक्षित होतं. जटेच्या वजनाने आणि आवळण्याने कानातला रक्तप्रवाह दबलेला असतो, तो एकदम मोकळा होतो, आणि त्यात झटके बसले तर पाळीच्या दोन पदरांमध्ये रक्त साठून कान उशीसारखा फुगू शकतो. जुन्या मऊ बनियनची पट्टी डोक्याभोवती सैल गुंडाळून कान काही तास अंगाशी ठेवले. पट्टीखाली दोन बोटं सहज जायला हवीत, आणि चपट्या नाकाच्या कुत्र्यावर अशी पट्टी बांधली की कोणीतरी जवळ बसून राहावं.

त्यानंतरचे तीन आठवडे

आजींचा पहिला प्रश्न रास्त होता. अंघोळींनीच बिघडलं म्हणता आणि आता आठवड्याला दोनदा अंघोळ घालायची? फरक केसांच्या लांबीचा आहे. दीड मिलिमीटर केस टॉवेलने टिपले की पंख्याखाली लगेच वाळतात, कातडी दमट राहायला जागाच उरत नाही. औषधी शॅम्पूही आता थेट कातडीवर बसतो. तो लावून १० मिनिटं ठेवायचा असतो, घड्याळ लावून. लगेच धुतला तर औषधाला काम करायला वेळच मिळत नाही. त्या १० मिनिटांत कोकोला मांडीवर धरून ठेवलं, म्हणजे तिने फेस चाटला नाही.

जखम धुवायला उकळून गार केलेल्या १ लिटर पाण्यात ९ ग्रॅम मीठ, रोज ताजं. हळद लावू नका असं सांगावं लागलं. ओल्या जखमेवर हळदीची खपली धरते, वरून कोरडं दिसतं आणि खाली पू साठतो. डेटॉल, फिनेल, रॉकेल यांपैकी काहीही कुत्र्याच्या अंगाला लावायचं नसतं. कातडी भाजते, आणि चाटल्यावर पोटात जातं ते वेगळंच.

तरी दुसऱ्या आठवड्यात एक गोष्ट बिघडली. शेजारणीच्या सांगण्यावरून, लालसर कातडीला थंडावा मिळावा म्हणून खोबरेल चोळलं गेलं. तीन दिवसांत आंबूस वास परत आला. मॅलेसेझिया स्निग्ध पदार्थांवरच जगते, म्हणजे तेल लावून तिला खाद्यच पुरवलं. शिवाय तेलकट अंगाला खळ्यातली माती चिकटली आणि पुढच्या अंघोळीत शॅम्पू तेल काढण्यातच खर्ची पडला. तेल बंद केल्यावर आणि शॅम्पू दोनदा लावून धुतल्यावर (पहिला हात तेल काढायला, दुसरा १० मिनिटांचा) वास गेला. निरोगी कातडीवरही लांब केसांना खोबरेल लावू नये. आपल्या डोक्याला ते मानवतं, कुत्रं मात्र जमिनीवर लोळतं आणि अंग चाटतं.

केस काढलेल्या पांढऱ्या कुत्र्याची गुलाबी कातडी उन्हाने लवकर भाजते. पावसाने उघडीप दिली की ऊन कडक पडतं, म्हणून पहिले दोन आठवडे ११ ते ४ बाहेर सोडलं नाही. रात्री मच्छरदाणीत झोपवलं. माणसांची डास पळवणारी मलमं कुत्र्यांना चालत नाहीत, त्यांतली काही विषारी ठरतात.

पुढची घडी : विंचरणं, धुणं, वाळवणं

नोव्हेंबरपासून केस तीन-साडेतीन सेंटिमीटरवर ठेवायचं ठरलं. आजी एकट्या किती वेळ देऊ शकतात यावर ही लांबी ठरली, दिवसाआड १० ते १५ मिनिटं. केसांची लांबी घरातल्या हातांना झेपेल एवढीच ठेवावी. जमिनीपर्यंत लोळणारे केस ठेवायचे तर रोज तासभर देणारं माणूस आणि कोरडी हवा, दोन्ही हवं. जून ते सप्टेंबर मात्र ४ एफ ब्लेडने साधारण साडेनऊ मिलिमीटर आणि दर सहा ते आठ आठवड्यांनी पुन्हा. गाद्यांमधले आणि शेपटीखालचे केस बारा महिने १० नंबरने काढलेले.

विंचरण्याची पद्धत बदलली. मऊ ब्रश बाजूला ठेवला. आता आधी तारांचा स्लिकर ब्रश आणि मग स्टीलचा कंगवा, ज्याचे अर्धे दात विरळ आणि अर्धे दाट असतात. कुत्र्याला कुशीवर झोपवायचं. डाव्या तळव्याने केस वर दाबून धरायचे आणि खालच्या कडेने केसांची एकच ओळ मोकळी करायची, इतकी की मुळाशी कातडीची रेघ दिसेल. ती ओळ विंचरून झाली की अर्धा इंच वर पुढची. पोटापासून कण्यापर्यंत असं चढत जायचं. स्लिकर कातडीवर रगडायचा नाही, तारांनी ओरखडे उठतात. लहानसा गुंता लागला तर तो मुळाशी चिमटीत धरून टोकाकडून सोडवत यायचं, म्हणजे ओढ कातडीला न बसता आपल्या बोटांना बसते. कोरड्या गाठीवर चिमूटभर कॉर्नफ्लोर चोळलं की केस एकमेकांवरून सरकायला मदत होते. शेवटी दाट दातांचा कंगवा डोक्यापासून शेपटीपर्यंत सरळ गेला पाहिजे. तो गेला तरच अंघोळ.

अंघोळ आता तीन ते चार आठवड्यांनी. किनाऱ्याजवळच्या काही बोअरचं पाणी मचूळ असतं, त्यात फेस नीट येत नाही आणि धुतल्यावर केसांवर चिकट थर राहतो. या घरात विहीर गोडी आहे, त्यामुळे प्रश्न आला नाही. नसेल तर निदान शेवटचं धुणं गोड्या पाण्याने करावं. जोराच्या पावसात पागोळीचं पाणीही चालतं, फक्त पहिल्या पावसांचं नको, त्यात कौलांवरची सगळी घाण असते. शॅम्पू कुत्र्यांसाठीचाच घ्यावा. माणसाची कातडी कुत्र्यापेक्षा जास्त आम्ल असते आणि आपले शॅम्पू त्या हिशोबाने बनवतात. रिठा तर शित्झूच्या बाबतीत टाळाच. बाहेर आलेल्या मोठ्या डोळ्यांत तो गेला तर फार झोंबतो, आणि अशा डोळ्यांच्या बुबुळाला इजा पटकन होते.

शॅम्पू बाटलीत पातळ करून घ्यायचा. लेबलवर वेगळं प्रमाण दिलं नसेल तर एकास दहा. मानेपासून मागे, केसांच्या दिशेने हात दाबत न्यायचे, गोल गोल चोळायचं नाही. चेहरा सर्वांत शेवटी, ओल्या फडक्याने. धुताना पाणी स्वच्छ येऊ लागल्यावरही काखा आणि पोट यांवर आणखी दोन तांबे ओतावेत, साबण तिथेच राहतो. मग कंडिशनर, कारण तो खवले मिटवतो आणि पुढचे आठ दिवस गुंता कमी होतो.

वाळवण्याला अंघोळीच्या दुप्पट वेळ धरावा. टॉवेल दाबून पाणी टिपायचं, घासायचं नाही, आणि दोन टॉवेल लागतातच. नंतर ड्रायर कमी उष्णतेवर, फूटभर अंतरावरून, दुसऱ्या हाताने कंगवा चालवत. केस जिथे विंचरले जातायत तिथेच हवा. झाल्यासारखं वाटलं की हाताची मागची बाजू काखेत, जांघेत आणि कानामागे कातडीला लावून पाहायची. गार लागलं तर अजून ओल आहे. पावसाळ्यात लाईट कधी जाईल सांगता येत नाही आणि घरगुती इन्व्हर्टरवर हजार-बाराशे वॅटचा ड्रायर चालत नाही, पंखा चालतो. म्हणून अंघोळ सकाळी लवकर, आणि लाईट गेलीच तर पंख्यासमोर बसवून कंगवा सुरू ठेवायचा. आडव्यातिडव्या पावसाच्या दिवशी अंघोळ पुढे ढकलली तर काही बिघडत नाही. पंजे आणि पोट ओल्या फडक्याने पुसून कोरडं केलं की भागतं.

पुळणीवरून आल्यावर आधी वाळू सुकू द्यायची. सुकी वाळू कंगव्याने झरझर पडते, ओली वाळू पाण्याने केसांत आणखी आत जाते. मग भिजलेला भाग गोड्या पाण्याने धुऊन पूर्ण वाळवायचा. पट्टा घरी आल्यावर काढायचाच.

पाऊस सरला की सड्यावरचं, म्हणजे जांभ्याच्या माळावरचं, गवत वाळतं आणि कुसळांचे दिवस येतात. कुसळाला मागे वळलेली कुसं असतात, त्यामुळे ते एकदा टोचलं की फक्त पुढे सरकतं. बोटांच्या बेचक्यातून ते कातडीत शिरतं, कानात गेलं तर पडद्यापर्यंत पोचतं. दसऱ्यापासून गवत असेपर्यंत फिरून आल्यावर बेचके, काखा, कान आणि डोळ्यांचे कोपरे पाहणं रोजचं. एका बाजूला मान कलती ठेवून कुत्रं कान झटकू लागलं तर घरी कानात काही घालू नये, दवाखाना गाठावा. आघाडा आणि गोखरू निदान दिसतात तरी.

गोचीड दिसली तर चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढायची. रॉकेल किंवा चटका देऊन नाही. गोचिडींमुळे एर्लिकिया आणि बॅबेसिया या रक्तातल्या जंतूंचे ताप येतात. कुत्रं मलूल झालं, खाणं सोडलं, हिरड्या फिक्या दिसल्या तर त्याच दिवशी रक्त तपासून घ्यावं. मानेवर टाकायचं थेंबांचं औषध वापरत असाल तर त्याच्या आधी दोन दिवस आणि नंतर दोन दिवस अंघोळ नको. ते कातडीवरच्या तेलातून अंगभर पसरतं, आणि ते तेलच शॅम्पूने निघून जातं.

सगळ्या लांब केसांना हा इलाज नाही

कोकोचं पाहून वाडीतल्या एका घराने आपल्या गोल्डन रिट्रीव्हरलाही पावसाळ्यापुरता सफाचट करायचं ठरवलं होतं. ते थांबवावं लागलं. गोल्डन, जर्मन शेफर्ड, पोमेरेनियन यांचे केस दुपदरी असतात आणि ठराविक लांबीला येऊन थांबतात. वरचा राठ पदर ऊन आणि पाऊस अडवतो, खालचा हंगामात गळतो. तो मुळापासून कापला तर काहींचा नीट परत येत नाही, ठिकठिकाणी चट्टे राहतात आणि ऊन थेट कातडीवर येतं. त्यांच्यासाठी मार्च ते मे या महिन्यांत आठवड्यातून दोनदा अंडरकोट रेक या दाताळ्यासारख्या कंगव्याने खालचा मेलेला पदर उपसून काढणं हाच पावसाळ्याचा बंदोबस्त आहे. पोट, जांघा, पंजे आणि शेपटीखालचे केस तेवढे आखूड करावेत. जखमेसाठी किंवा घट्ट जटेसाठी काढावे लागले तर गोष्ट वेगळी.

हत्यारांकडे शेवटी वळायचं, कारण खाऱ्या हवेत त्यांचा टिकाव लागत नाही. स्टीलच्या कंगव्याला गंजाचा एक टिपका पडला तरी त्या दाताला केस अडकतात आणि तुटतात, आणि गंजकं ब्लेड कापण्याऐवजी ओढतं. वापर झाला की ब्लेडमधले केस ब्रशने काढायचे, ते पुसायचं, तेलाचा हात द्यायचा आणि फडक्यात गुंडाळून झाकणाच्या डब्यात, सिलिका जेलच्या पुडीसह ठेवायचं. आजींनी त्यासाठी बिस्किटांचा पत्र्याचा डबा दिला होता. तो महिन्याभरात आतून गंजला, तेव्हा आता सगळं घट्ट झाकणाच्या प्लॅस्टिकच्या डब्यात असतं आणि पुडी दर पंधरा दिवसांनी बदलली जाते.